पोस्टमन जोडून, पोस्ट ऑफिस तोडून: नियम नेमका काय?

आठवीची आई:
मुलगी सेमी-इंग्रजीत आठवीला आहे. कंपाउंड नाउनसाठी, म्हणजे दोन-तीन शब्द मिळून होणाऱ्या नामांसाठी, वहीत तीन रकाने आखून दिलेत: जोडून लिहायचे शब्द, मध्ये आडवी रेघ असलेले आणि सुटे. टूथब्रश जोडून, मदर-इन-लॉ रेघांनी, बस स्टॉप सुटा. पाठ करून लिहिते ती, पण काल म्हणाली, "पोस्टमन एक शब्द आणि पोस्ट ऑफिस दोन, हे ठरवलं कोणी?" शिवाय ती हट्टाने 'शूज शॉप' लिहिते, कारण दुकानात एकच बूट कसा असेल? तिला नुसतं 'असंच असतं' म्हणून गप्प करायचं नाही. कोणी नीट समजावून सांगेल का?

जुने मास्तर:
ताई, आधी मुलीला माझी शाबासकी सांगा. तीस-पस्तीस वर्षं इंग्रजी शिकवलं, पण 'कोणी ठरवलं' असं विचारणारी मुलं फार थोडी भेटली.

ते रकाने सध्या बाजूला ठेवा. जोडून की सुटं, हा लिहिण्याचा भाग झाला. कंपाउंड नाउन कळतं ते अर्थावरून, आणि अर्थ बहुतेक वेळा शेवटच्या शब्दात असतो. हाउसबोट ही बोट, दल सरोवरात असते ती. बोटहाउस ही मात्र बोटी ठेवायची जागा. मिल्क चॉकलेट खातात, चॉकलेट मिल्क पितात. शब्द तेच, जागा बदलली की वस्तू बदलली. मराठीतही हेच चालतं. घोडा 'तो' असला तरी घोडागाडी 'ती', कारण गाडी 'ती'. देवघर 'ते', कारण घर 'ते'. तत्पुरुष समासात दुसरं पद प्रधान असतं म्हणतात ते हेच. मुलीला हे आधीच येतंय, फक्त इंग्रजीच्या तासाला कोणी त्याची आठवण करून देत नाही.

आता शूज शॉप. आधी येणारा शब्द तिथे मोजणी करत नाही, तो फक्त प्रकार सांगतो. म्हणून टूथब्रश सगळे दात घासतो तरी त्याला कोणी टीथब्रश म्हणत नाही. बुककेसमध्ये शंभर पुस्तकं असली तरी बुक एकवचनीच. तसंच शू शॉप. अपवाद आहेत: सेव्हिंग्ज अकाउंट, स्पोर्ट्स कार, कस्टम्स ऑफिसर. ते थोडे आहेत, भेटतील तसे लक्षात ठेवावेत.

मदर-इन-लॉमध्ये मुख्य शब्द सुरुवातीला आहे, म्हणून अनेक सासवा म्हणजे मदर्स-इन-लॉ. रस्त्याने येणारे-जाणारे ते पासर्स-बाय. म्हणजे अनेकवचनाची खूण मुख्य शब्दाला लागते, मग तो कुठेही असो.

आणि मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती गोष्ट कानाची आहे. 'ग्रीन'वर जोर देऊन ग्रीनहाउस म्हटलं की ते रोपं वाढवायचं काचेचं किंवा प्लास्टिकचं घर. 'हाउस'वर जोर देऊन ग्रीन हाउस म्हटलं की हिरवा रंग दिलेलं कुठलंही घर. ब्लॅकबर्ड ही पक्ष्याची एक जात आहे आणि तिची मादी चक्क तपकिरी असते! उलट ब्लॅक बर्ड म्हणजे कुठलाही काळा पक्षी, अगदी कावळासुद्धा. शाळेतला फळा हिरवा रंगवला तरी ब्लॅकबोर्डच राहतो. मुलीला एक कसोटी द्या: पुढे 'व्हेरी' लावून बघ. व्हेरी ग्रीन हाउस म्हटलं की लगेच रंगाचीच गोष्ट होते, रोपांचं घर गायब.

मुद्रितशोधक:
मास्तरांनी अर्थाचं सांगितलं, मी रेघेचं सांगते, कारण रोज इंग्रजी मुद्रितं तपासते. पोस्टमन जोडून का, याला पक्का नियम नाही. शब्द रुळला की दोन भाग जवळ येतात असं म्हणतात. पण पोस्ट ऑफिस आणि हाय स्कूल किती जुने, तरी अजून सुटेच, आणि पोस्टमास्टर मात्र जोडलेला. शेवटी वापर काय आहे तेवढं कोश नोंदवतात, आणि वापर बदलतो. २००७ साली 'शॉर्टर ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी'च्या सहाव्या आवृत्तीत सुमारे १६,००० शब्दांतली रेघ काढली गेली. आइस क्रीम, फिग लीफ सुटे झाले. बंबलबी, चिकपी, क्रायबेबी जोडले गेले. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेच्या शैलीपुस्तिकेने २०११ मध्ये ई-मेलची रेघ काढून ईमेल केलं. तेव्हा एक कोश धरा आणि वहीभर तोच पाळा. शाळेत कुठला कोश मानतात ते बाईंना विचारून घ्या, म्हणजे मार्क जायचे नाहीत.

सध्या लेस्टर:
जोराबद्दल थोडी भर. 'पहिल्या शब्दावर जोर' हे नेहमी लागू पडत नाही. इथे इंग्लंडमध्ये ऑक्सफर्ड स्ट्रीट म्हणताना जोर 'ऑक्सफर्ड'वर असतो, पण ऑक्सफर्ड रोड म्हणताना 'रोड'वर जातो. ॲपल केकमध्ये 'ॲपल'वर, ॲपल पायमध्ये 'पाय'वर. म्हणून जोर सरकला की लगेच 'हे कंपाउंड नाही' असं मुलीने ठरवू नये.

आठवीची आई:
सगळ्यांचे मनापासून आभार! व्हेरीची कसोटी तिला फार आवडली, घरभर प्रत्येक शब्दाला लावून बघतेय. तिचा पुढचा प्रश्न: स्विमिंग पूलमध्ये पूल पोहतो का? आणि पिकपॉकेट हा खिसा नाही, मग शेवटचा शब्द मुख्य कसा?

जुने मास्तर:
दोन्ही प्रश्न अस्सल आहेत. स्लीपिंग चाइल्ड म्हणजे झोपलेलं मूल, पण स्लीपिंग बॅग म्हणजे झोपण्यासाठीची बॅग. स्विमिंग पूल, ड्रायव्हिंग लायसन्स, डायनिंग टेबल यांतही तो 'साठी' दडलेला आहे. तो घालून अर्थ लागला की कंपाउंड समजावं.

पिकपॉकेट म्हणजे खिसेकापू. इथे ना पिक मुख्य, ना पॉकेट. अर्थ तिसऱ्याच माणसाचा. स्केअरक्रो म्हणजे बुजगावणं, कावळा नव्हे. रेडहेड म्हणजे लाल केसांची व्यक्ती. आपल्याकडे नीळकंठ किंवा लंबोदर म्हटल्यावर कंठ किंवा पोट डोळ्यांपुढे येत नाही, देव येतो, तसंच. हा बहुव्रीही. जगभरचे भाषाशास्त्रज्ञ इंग्रजीतल्या रेडहेडसारख्या शब्दांनाही बहुव्रीही हेच नाव देतात.

संस्कृतचा विद्यार्थी:
मास्तर, जोर आणि बहुव्रीही दोन्ही आले म्हणून सांगतो. पतंजलीच्या महाभाष्यात, म्हणजे संस्कृत व्याकरणावरच्या जुन्या ग्रंथात, सुरुवातीलाच इंद्रशत्रूचं उदाहरण आहे. त्वष्ट्याला इंद्राला मारणारा मुलगा हवा होता. यज्ञात त्याने 'इंद्रशत्रू वाढो' असं म्हटलं (शत्रू म्हणजे इथे मारणारा), पण स्वर, म्हणजे उच्चारातला आघात, शेवटच्या पदावर द्यायचा तो पहिल्या पदावर दिला. 'इंद्राला मारणारा' या तत्पुरुषाचा 'इंद्र ज्याला मारणारा' असा बहुव्रीही झाला, आणि तो मुलगा, वृत्र, इंद्राच्या हातून मेला. ब्लॅकबर्ड शिकवताना ही गोष्ट मुलांना जरूर सांगावी.

आठवीची आई:
ही गोष्ट आजच सांगते. जाता जाता एकच: लेडी डॉक्टरचं अनेकवचन लेडी डॉक्टर्स, हे तिला पटलं. वुमन डॉक्टरचं?

मुद्रितशोधक:
विमेन डॉक्टर्स. मॅन आणि वुमन असे पुढे आले की दोन्ही शब्द अनेकवचनी होतात. लेडीला ते लागू नाही.