गावच्या वाचनालयाचा इतिहास: देणगीदारांचा की वाचकांचा?

गिरणाकाठ:
आमच्या तालुक्याच्या गावातलं सार्वजनिक वाचनालय शंभरी ओलांडून गेलंय. कार्यकारी मंडळ स्मरणिका काढतंय, तिचा मसुदा पाहिला. अध्यक्षांची यादी, देणगीदारांचे फोटो, शुभेच्छा संदेश. वाचकाचा कुठे पत्ताच नाही! माझ्या मते वाचनालयाचा खरा इतिहास दाखल नोंदवहीत आणि देवघेवीच्या वह्यांत असतो. कोणतं पुस्तक कधी आलं, कोणतं सारखं फिरत राहिलं, बायकांची नावं सभासदांत कधी दिसू लागली, सगळं तिथे सापडतं. आमच्या वह्या माळ्यावर गठ्ठे बांधून पडल्यात, कसर लागलीय. गुळगुळीत कागदावर खर्च करण्याआधी त्या स्कॅन करा.

पांझरा:
दादा, देणगीदारांना इतकं हलकं करू नका. खान्देशात वाचनालयं सरकारने उभी केली नाहीत. 1860 च्या दशकात रेल्वे आली, अमेरिकेतल्या यादवीने कापसाचा भाव चढला, पेठा वाढल्या, कचेऱ्या आल्या. मग वकील, मास्तर, व्यापारी एकत्र बसले आणि वर्गणी काढली. जळगावचं 1877 चं वाचनालय आजही वल्लभदास वालजींच्या नावानेच ओळखतात. धुळ्यात इतिहासाचार्य राजवाडे 1926 च्या अखेरीस गेले आणि 1927 मध्ये त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ उभं राहिलं. ते काय आदेश निघाला म्हणून? सरकारने लक्ष घातलं ते फार उशिरा: ग्रंथालयांसाठी नेमलेली फैजी समिती 1939 ची, महाराष्ट्राचा ग्रंथालय कायदा 1967 चा, आणि त्यातही ग्रंथालयांसाठी वेगळा कर नाहीच. तोवर दिवाबत्तीचा खर्च कोणी सोसला? त्यांचे फोटो छापायला लाज कसली?

काळी माती:
तुम्ही दोघेही आतल्या माणसांबद्दलच बोलताय. माझे आजोबा बाजाराच्या दिवशी कापूस विकून वाचनालयाच्या ओट्यावर बसायचे. त्यांना वाचता येत नव्हतं. कोणीतरी पेपर मोठ्याने वाचायचं, आजोबा ऐकायचे आणि घरी येऊन आम्हाला सांगायचे. त्यांचं नाव देणगीदारांत नाही आणि गिरणाकाठदादा, तुमच्या देवघेवीच्या वहीतही नाही, कारण तिथे वर्गणी भरणाराच चढतो. मजूर, दलित वस्तीतली माणसं आत कधी आली, त्यांना खुर्ची मिळाली का, हे वह्या सांगणार नाहीत. म्हातारी माणसं आहेत तोवर त्यांच्याकडे जाऊन बसा.

गिरणाकाठ:
ताई, जरूर बसू. पण कसर थांबत नाही, म्हणून वह्या आधी. पांझराभाऊ, फोटोंना दोन पानं पुरेत. साने गुरुजी 1924 ते 1930 अमळनेरला शिक्षक होते, वसतिगृहातल्या पोरांसाठी हाताने लिहून 'छात्रालय' दैनिक काढायचे. पोरांना वाचनाची गोडी लागली ती अशा खटपटीने. आमच्याही गावात असा एखादा मास्तर, एखादा ग्रंथपाल असेलच की. तुमच्या मसुद्यात ग्रंथपालांची नावंसुद्धा नाहीत.

पांझरा:
ग्रंथपालांची नावं घालू, त्याला माझी ना नाही. पण स्मरणिका जाहिरातींवर निघते आणि जाहिराती त्या फोटोंमुळे मिळतात. वह्या स्कॅन करायला कोण जाहिरात देणार? शिवाय कोणी काय वाचायला नेलं हे छापाल, तर हयात माणसांच्या घरात भांडणं लावाल. सर्वसाधारण सभेत ठराव आणा. मी विरोधात हात वर करणार.

गिरणाकाठ:
आणतोच. हयात वाचकांची नावं झाकू, पुस्तकांची नावं आणि साल छापू. स्कॅनिंगच्या खर्चाचा आकडाही सभेत मांडतो.