वॉल मिक्सर गळतोय: स्पिंडल बदलावा की अख्खा मिक्सर?

ठिबक_सिंचन
पुण्यातला फ्लॅट, इमारत साधारण बारा वर्षं जुनी. बाथरूममध्ये दोन नॉबचा थ्री-इन-वन वॉल मिक्सर आहे: खाली तोटी, वर शॉवर, मधे डायव्हर्टर (पाणी तोटीकडे की शॉवरकडे ते ठरवणारा नॉब). तोटीतून सारखं ठिबकतं. नॉब जोर लावून आवळला की कमी होतं, पण सकाळी खालच्या बादलीत पाणी असतंच. शिवाय गरम पाणी चालू असलं की त्या नॉबच्या मुळाशी ओल येते. पाणी बोअर आणि टँकरचं, त्यामुळे क्षार भरपूर. प्लंबर म्हणतो, पार्ट मिळत नाहीत, अख्खा मिक्सर बदला. खरंच बदलावा लागेल का? आणि घरी करता येण्यासारखं काम आहे का?

पाना_पक्कड
आधी गळती कुठल्या बाजूची आहे ते ठरवा. गीझरचं बटण बंद करा, मग गीझरच्या इनलेटचा अँगल कॉक बंद करा. गरम पाण्याच्या लाइनचा दाब गेला. पाच-दहा मिनिटं थांबा, कारण शॉवरच्या उभ्या पाइपात अडकलेलं पाणी तेवढा वेळ तोटीतून येत राहतं आणि तो बिघाड नसतो. त्यानंतर ठिबकणं थांबलं तर दोष गरम बाजूचा. तसंच चालू राहिलं तर थंड बाजूचा, किंवा दोन्ही बाजूंचा.

दुसरं, नॉब पूर्ण बंद ते पूर्ण चालू किती फिरतो ते बघा. पाव किंवा अर्ध्या फेऱ्यात थांबत असेल तर आत सिरॅमिक डिस्कचा स्पिंडल (नॉबखालचा, पाणी चालू-बंद करणारा भाग) आहे. तीन-चार फेरे फिरत असेल तर रबरी वायसरचा जुना प्रकार. यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. सिरॅमिक असेल तर आवळून बंद करायची सवय आजपासून सोडा. त्या चकत्या दाबून नाही, एकमेकींवर सरकून पाणी अडवतात. जोर लावून फक्त आतला स्टॉपर तुटतो.

नॉबच्या मुळाशी ओल येणं हा वेगळा बिघाड आहे. तिथे स्पिंडलच्या दांड्यावरची ओ-रिंग (गोल रबरी कडी) गेलेली असते. दोन्ही लक्षणं एकाच बाजूला असतील तर एक स्पिंडल बदलून दोन्ही जातील.

ठिबक_सिंचन
तपासलं. गीझरचा कॉक बंद केल्यावर थांबलं, म्हणजे गरम बाजू. नॉब अर्धा फेराच फिरतो. एक विचित्र गोष्ट म्हणजे गीझर चालू असताना ठिबकणं वाढतं.

पाना_पक्कड
विचित्र काही नाही. तापलं की पाणी फुगतं. १५ लिटरच्या गीझरमधलं पाणी २५ अंशांवरून ६० वर गेलं की सुमारे २०० मिली जास्त जागा मागतं. इनलेटला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह असेल तर ते मागे जाऊ शकत नाही, लाइनचा दाब वाढतो आणि सगळ्यात कमजोर जागेतून पाणी वाट काढतं. तुमच्याकडे ती जागा हा स्पिंडल आहे. तो बदलल्यावर गीझरच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून तापताना थोडं पाणी आलं तर घाबरू नका, आणि त्याचं तोंड तर कधीच बुजवू नका.

आता काम. गरम बाजू गीझरच्या कॉकने बंद आहेच, थंड बाजूही बंद करा. बाथरूममध्ये कन्सील्ड स्टॉप कॉक असेल तर तो, नाहीतर डक्टमधला किंवा गच्चीवरचा तुमच्या फ्लॅटचा व्हॉल्व्ह. दोन्ही नॉब उघडून उरलेलं पाणी काढून टाका. मोरीच्या जाळीवर फडकं टाका, कारण नॉबचा स्क्रू नेमका तिथेच पडतो.

नॉबवरची लाल टिकली पातळ पात्याने उचका. आत स्क्रू असेल. टिकली नसेल तर नॉबच्या खालच्या अंगाला बारीक भोक असतं, त्यात बहुतेक २.५ किंवा ३ मिमीची एलन की लागते. नॉब क्षाराने धरलेला असेल तर हातोडीने ठोकू नका, त्या धक्क्याने भिंतीतला सांधा हलतो. व्हिनेगरमध्ये भिजवलेलं फडकं अर्धा तास गुंडाळून ठेवा, मग पाण्याने धुवा. टॉयलेट साफ करायचं ॲसिड तिथे नको, क्रोम काळं पडतं.

नॉबमागची गोल टोपी हाताने फिरते. आत स्पिंडलचा षटकोनी भाग दिसेल. स्पिंडल अर्धवट उघडा ठेवा, त्यावर दहा-बारा इंची स्क्रू-पाना घट्ट बसवा आणि डावीकडे फिरवा. दुसऱ्या हाताने मिक्सरची बॉडी धरून ठेवायची. हे विसरलं की पिळा सरळ भिंतीतल्या लेगवर (मिक्सरला भिंतीतल्या पाइपशी जोडणाऱ्या तुकड्यावर) जातो आणि शंभर-दोनशे रुपयांच्या कामाचं टाइल फोडण्याचं काम होतं.

स्पिंडल बाहेर आला की फडकं हाताशी धरून गीझरचा कॉक क्षणभर उघडा आणि लगेच बंद करा. लाइनमधली वाळू, क्षाराचे तुकडे बाहेर येतील. हे केलं नाही तर नव्या चकत्यांवर पहिल्याच आठवड्यात चरे पडतात. पाणी गरम असू शकतं, तोंड बाजूला ठेवा.

हार्डवेअर_गल्ली
वरचं सगळं बरोबर. फक्त पार्ट आणताना लोक फसतात, त्यावर लिहितो. जुना स्पिंडल सोबत न्यायचाच, फोटोवर भागत नाही. दुकानात चार गोष्टी जुळवा: बॉडीत बसणारे आटे (बहुतेक अर्धा इंची), नॉब बसतो त्या दांड्यावरचे दाते, एकूण उंची, आणि फिरायची दिशा. दाते २० आणि २४ असे वेगवेगळे येतात. एखाद्या दाताचा फरक असला तरी नॉब बसत नाही, किंवा बसतो आणि घसरत राहतो. सिरॅमिकमध्ये गरम आणि थंड बाजूचे स्पिंडल कित्येकदा उलट-सुलट दिशेचे असतात, तेव्हा "गरम बाजूचा द्या" असं स्पष्ट सांगा.

"पार्ट मिळत नाहीत" हे बिननावाच्या मालाबाबत खरं असू शकतं. बॉडीवर कंपनीचं नाव कोरलेलं असेल तर आधी त्यांच्या कस्टमर केअरला फोन करा. वॉरंटीत असेल तर स्पिंडल फुकटही मिळतो.

बसवताना स्पिंडलला टेफ्लॉन (आट्यांवर गुंडाळायची पांढरी टेप) लावू नका. तिथे पाणी अडवते ती ओ-रिंग किंवा वायसर, आटे नाहीत. टेपचा तुकडा आत गेला तर चकतीतच अडकतो. ओ-रिंगला थोडं सिलिकॉन ग्रीस लावा. व्हॅसलीन नको, काही रबरं त्याने फुगतात. आधी हाताने पूर्ण आत घ्या, आटे तिरपे चढत असतील तर लगेच समजतं. मग पान्याने पाव फेऱ्याहून कमी. बस.

चौथा_मजला
इथे स्पिंडल बदलायला हरकत नाही, पण प्रत्येक वेळी हाच सल्ला चालणार नाही. जुन्या रबरी वायसरच्या मिक्सरमध्ये नवा वायसर टाकूनही ठिबकत असेल तर आतली सीट (वायसर टेकतो ती कड) खाल्लेली असते. बोट फिरवलं की खाच लागते. किरकोळ असेल तर सीट कटरने घासून सपाट करता येते. खोल असेल, किंवा बॉडीवर हिरवट केसासारखी चीर दिसत असेल, तर मिक्सर बदलणं स्वस्त पडतं.

आणि बदलायचा तर टाइल फोडावी लागत नाही. भिंतीतल्या दोन एल्बोंच्या (पाइपच्या वळणाच्या जोडांच्या) मध्यांतलं अंतर बहुतेक १५० मिमी असतं, थोडा फरक वाकडे लेग सांभाळून घेतात. टेपने अंतर मोजून मगच मिक्सर घ्या. टेफ्लॉन लागतो तो लेगच्या भिंतीकडच्या आट्यांना. आट्यांचं तोंड स्वतःकडे धरून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने दहा-बारा वेढे, टेप ताणून. लेग घट्ट झाल्यावर सरळ करायला म्हणून मागे फिरवायचा नाही. मागे फिरवला तर काढा, टेप नव्याने गुंडाळा. मिक्सरच्या युनियन नटला (मिक्सर लेगला जोडणाऱ्या नटला) मात्र टेफ्लॉन फुकट जातो, तिथे आतला चपटा वायसरच काम करतो. तो जुना परत वापरू नका.

सीपीव्हीसीची (प्लास्टिक पाइपची) लाइन असेल तर भिंतीत पितळी आट्यांचा एल्बो असतो. जास्त आवळला की प्लास्टिक आतून तडकतं आणि ओल खालच्या मजल्याच्या छताला उमटते. म्हणून फ्लँज (लेगभोवतीचं भोक झाकणारी गोल चकती) लगेच भिंतीला टेकवू नका. पाणी सोडा, लेगभोवती टिश्यू पेपर गुंडाळा, तासाभराने बघा. तो कोरडा असेल तरच फ्लँज सरकवा.

आणखी एक. काम सुरू करण्याआधी अर्ध्या इंचाचे दोन डमी प्लग घरात आणून ठेवा. संध्याकाळी लेग तुटला किंवा पार्ट जुळला नाही तर त्यांनी तोंडं बंद करून बाकीच्या घराचं पाणी चालू करता येतं.

ठिबक_सिंचन
स्पिंडल निघाला. चकतीवर आडवे चरे आहेत आणि ओ-रिंग चपटी झालीय. दाते २० आहेत. शॉवर चालू असताना तोटीतूनही थोडं पाणी येतं, तेही याच वेळी करावं का?

पाना_पक्कड
करून टाका, लाइन बंदच आहे. तो मधला डायव्हर्टर. नॉब तसाच निघतो, आतला भाग बाहेर काढून त्याचे वायसर आणि ओ-रिंग बघा. निम्म्या वेळा नुसता क्षाराचा कण अडकलेला असतो, भिजवून धुतलं की सुटतं. रबर कडक झालं असेल तर तोही दुकानात घेऊन जा. थंड बाजूचा स्पिंडल चांगला असेल तर उगाच उघडू नका. पाणी परत सुरू करताना गीझरचा कॉक सावकाश उघडा, गरम नॉब अर्धा उघडा ठेवून हवा जाऊ द्या, सलग धार आली की बंद करा, आणि त्यानंतरच गीझरचं बटण लावा.