मिशांची मुळे नष्ट केल्यावर उंदराच्या पिल्लाच्या मेंदूत काय बदलते?

प्रश्न: नवजात उंदराच्या मिशांची एक ओळ शस्त्रक्रियेने मुळासकट नष्ट केली, तर संवेदी कॉर्टेक्समधील (मेंदूच्या बाह्य थरातील स्पर्शाची जाणीव हाताळणाऱ्या भागातील) तिची जागा रिकामी राहते का?

उत्तर १: नाही. वूल्सी आणि व्हान डर लोस या संशोधकांनी १९७० साली दाखवले की कॉर्टेक्सच्या चौथ्या थरात प्रत्येक मोठ्या मिशीसाठी पेशींचा पिंपासारखा एक स्वतंत्र पुंजका असतो. जन्मानंतर लगेच मधली ओळ नष्ट केली, तर तिचे पुंजके आक्रसून एकमेकांत मिसळतात आणि शेजारच्या ओळींचे पुंजके त्या जागेत पसरतात. मला सर्वांत विलक्षण वाटते ते हे, की इजा चेहऱ्याच्या त्वचेला झालेली असते; मेंदूला कोणी स्पर्शही केलेला नसतो.

उत्तर २: वय मात्र निर्णायक आहे. जन्मानंतर साधारण चौथ्या दिवसानंतर तीच शस्त्रक्रिया केल्यास पुंजक्यांचा आराखडा जवळजवळ अबाधित राहतो, कारण थॅलॅमसकडून (संवेदना कॉर्टेक्सकडे पोहोचवणाऱ्या मेंदूच्या आतल्या भागाकडून) आलेले तंतू तोवर आपापल्या जागी गटागटाने स्थिरावलेले असतात.

प्रश्नकर्ता: आणि मिशा नुसत्या कापल्या तर?

उत्तर १: मुळाशी असलेली चेता शाबूत राहिल्यामुळे आराखडा टिकतो, परंतु पेशी कोणत्या मिशीला किती प्रतिसाद देतात, ते बदलते.