मदत हवी आहे: डस्टी स्प्रिंगफील्डचं 'द लुक ऑफ लव', माझ्याकडची आवृत्ती नक्की कुठली?

खरखर: ब्रिटिश गायिका डस्टी स्प्रिंगफील्डच्या 'द लुक ऑफ लव'ची अमेरिकी फिलिप्स कंपनीची 45 ची (मिनिटाला 45 फेऱ्यांची) तबकडी हाती आली आहे. 'कसिनो रॉयाल' चित्रपटाच्या साउंडट्रॅकपेक्षा गाणं आखूड आणि किंचित जलद वाटतं. टर्नटेबल पळतंय की रेकॉर्डिंगच वेगळं? सूरही हेलकावतो. संगणकावर उतरवून घ्यायचं आहे. आणि तिच्या 'डस्टी इन मेम्फिस' अल्बमची सीडी कुठली घ्यावी?

बी_साइड: रेकॉर्डिंगच वेगळं. 'कसिनो रॉयाल'च्या (1967) साउंडट्रॅकवरचं आधीचं, चार मिनिटांहून थोडं जास्त. फिलिप्ससाठी तिने ते नंतर पुन्हा गायलं, साधारण साडेतीन मिनिटांचं. ते 'गिव्ह मी टाइम' या गाण्याच्या तबकडीच्या मागच्या बाजूला आलं आणि तरीही अमेरिकेत 22व्या क्रमांकापर्यंत चढलं. संकलनांवर बहुतेक वेळा हेच मिळतं. साउंडट्रॅकवरचं हवं असेल तर चित्रपटाचीच तबकडी शोधा. मला विचाराल तर तेच सरस, घाई अजिबात नाही.

सुईधार: तरी वेग तपासाच. स्ट्रोबची चकती (वेग बरोबर असला की दिव्याखाली जिचे ठिपके स्थिर दिसतात ती) 50 हर्ट्झची घ्या. आपल्या 50 हर्ट्झच्या विजेवर 60 हर्ट्झची ठिपक्यांची रांग स्थिर केलीत तर 45 चे 37.5 फेरे होतील. एलईडी दिव्याखाली ठिपके नीट दिसत नाहीत, निऑन टेस्टरचा किंवा साध्या बल्बचा उजेड वापरा.

हेलकाव्यांचं कारण बहुधा भोक. अमेरिकी 45 ला दीड इंची भोक असतं, अडॅप्टर सैल बसला की तबकडी मध्यापासून सरकते आणि सूर दर फेऱ्याला वरखाली होतो. वाजताना टोनआर्म (सुईचा दांडा) डावी-उजवीकडे डुलतोय का बघा. घट्ट अडॅप्टर लावूनही डुलत असेल तर भोकच चुकीचं पाडलंय.

धुताना स्पिरिट नको. त्या काळच्या बऱ्याच अमेरिकी 45 विनाइलच्या नसून पॉलिस्टायरीनच्या आहेत, स्पिरिटने तडकू शकतात. डिस्टिल्ड वॉटर आणि मऊ कापड पुरे. स्टायरीन झिजतंही लवकर, त्यामुळे सुई नवी हवी आणि पुन्हापुन्हा वाजवू नका, पहिल्याच फेरीत उतरवा. रेकॉर्डिंग 24 बिटचं, सर्वांत मोठा आवाज उणे 6 डेसिबलच्या आत. लेबलवर स्टीरिओ लिहिलं नसेल तर दोन्ही चॅनल मिळवून मोनो करा, खोबणीच्या उभ्या हालचालीतून येणारी खरखर बरीच कमी होते. पण आधी दोन्ही चॅनल वेगवेगळे ऐका. एक बाजू जास्त झिजलेली असेल तर मिळवू नका, चांगलीच तेवढी ठेवा.

खरखर: धन्यवाद, टोनआर्म डुलतोय खरा. मेम्फिसचं राहिलं.

बी_साइड: मूळ अल्बम 11 गाण्यांचा, 1969 चा. ऱ्हिनो कंपनीच्या 1999 च्या सीडीवर 25 आहेत, पण जादाची बरीचशी मेम्फिसची नव्हेत, नंतरच्या फिलाडेल्फिया आणि न्यूयॉर्कच्या सत्रांतली आहेत. खरं तर मेम्फिसच्या अमेरिकन साउंड स्टुडिओत वाजली ती साथ, रेजी यंगचं गिटार, टॉमी कॉगबिलचा बेस वगैरे. तिचा अंतिम आवाज न्यूयॉर्कला घेतला. अल्बमचा एक निर्माता जेरी वेक्सलर याच्या सांगण्यानुसार तिला हेडफोनमध्ये साथ इतकी मोठी लागायची की स्वतःचा आवाज ऐकू येत नसे. जादाची गाणी वाईट नाहीत, पण अकराव्यानंतर सीडी थांबवून बघा. 'आय कान्ट मेक इट अलोन' हाच त्या अल्बमचा शेवट आहे.