जुना डेस्कटॉप: रॅम वाढवू, एसएसडी टाकू की नवीनच घेऊ?

मुद्रितखूण

नमस्कार. मी घरून मुद्रितशोधनाचं काम करते. डेस्कटॉप २०१६ सालचा, असेंबल करून घेतलेला. इंटेल कोअर आय५-६५००, ८ जीबी रॅम, १ टीबी हार्ड डिस्क, विंडोज १०. एका वेळी चारशे-पाचशे पानांची वर्ड फाइल, शेजारी त्याच पुस्तकाची पीडीएफ आणि ब्राउझरमध्ये दोन-तीन शब्दकोश उघडे असतात. गेम नाहीत, व्हिडिओ एडिटिंग नाही.

सकाळी बटण दाबल्यापासून पहिला शब्द टाइप होईपर्यंत सहा-सात मिनिटं जातात. फाइल सेव्ह करताना कर्सर गोठतो. काल दुरुस्त्या भरताना टाइप केलेली ओळ पडद्यावर उमटलीच नाही, म्हणून मी ती पुन्हा टाइप केली. अर्ध्या मिनिटाने दोन्ही ओळी उमटल्या. माझ्या नजरेला पडल्या म्हणून बरं, नाहीतर तशाच छापून गेल्या असत्या. आता चालढकल करायची नाही असं ठरवलंय.

दुरुस्तीवाल्याने कॅबिनेट न उघडताच "दहा वर्षांचा झालाय, टाकून द्या" असं सांगितलं. मला ते पटलं नाही, पण माझं बरोबर आहे याची खात्रीही नाही. कुणी नीट सांगेल का?

रात्रपाळी

नवीन घ्या. विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या जनरेशनपासून पुढचा प्रोसेसर लागतो, तुमचा सहाव्या जनरेशनचा आहे. जुन्यात पैसे घालून काय मिळणार?

उघडं कॅबिनेट

रात्रपाळी म्हणतात ते सपोर्टच्या बाबतीत खरं आहे, त्यावर येतोच. पण ताई, न उघडता दिलेला सल्ला ऐकू नका. माझाही नाही. आधी तुमचा कॉम्प्युटर नेमका कशासाठी थांबतो ते बघा.

उद्या काम ऐन भरात असताना कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्सवर जा आणि कर्सर गोठेल त्या क्षणी सीपीयू, मेमरी आणि डिस्क या तिघांचे आकडे कागदावर लिहून घ्या. मेमरीच्या पानावर किती स्लॉट वापरात आहेत तेही लिहिलेलं असतं. त्यानंतर क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं मोफत सॉफ्टवेअर घेऊन हार्ड डिस्कची तब्येत बघा. तिथे निळ्याऐवजी पिवळं दिसलं, तर बाकी सगळं बाजूला ठेवून त्याच दिवशी फाइल्सचा बॅकअप घ्या.

हे आकडे इथे टाका, मग बोलू.

मुद्रितखूण

आज तीनदा बघितलं. सीपीयू ९ ते १५ टक्के. मेमरी ७.९ पैकी ६.८ जीबी. डिस्क तिन्ही वेळा १०० टक्के. स्लॉट २ पैकी १ वापरात, स्पीड २१३३. डिस्कची तब्येत निळी, "गुड". १ टीबीपैकी १८० जीबी भरलेली आहे.

उघडं कॅबिनेट

बघा, प्रोसेसर जवळपास रिकामा बसलाय आणि डिस्क धापा टाकतेय.

तुमची हार्ड डिस्क मिनिटाला ७२०० फेरे घेणारी असेल, म्हणजे सेकंदाला १२०. हवी ती माहिती चकतीच्या ज्या जागी आहे, ती जागा फिरत फिरत हेडखाली यायला सरासरी अर्धा फेरा, म्हणजे चार मिलिसेकंद लागतात. हेड योग्य पट्ट्यावर सरकायला आणखी आठ-नऊ. असं एकेक वाचन बारा-तेरा मिलिसेकंदांचं झालं, की सेकंदाला ऐंशीच्या आसपास वाचनं होतात. विंडोज सुरू होताना अशी हजारो छोटी वाचनं करतं, म्हणून तुमची सकाळची सहा मिनिटं जातात. एसएसडीत, म्हणजे चिपवर माहिती साठवणाऱ्या डिस्कमध्ये, फिरणारं काहीच नसतं, तिथे एक वाचन साधारण ०.१ मिलिसेकंदात उरकतं. फरक शंभरपटीचा आहे, आणि तो स्टॉपवॉच न लावताही कळतो.

त्यात रॅम भरत आली की विंडोज जास्तीचा माल डिस्कवर नेऊन ठेवतं. आधीच थकलेल्या डिस्कवर आणखी ओझं. तुमच्या ओळी उशिरा उमटतात त्यामागे बहुधा हेच आहे. म्हणून मी दोन गोष्टी सुचवेन: ५०० जीबीची २.५ इंची साटा (हार्ड डिस्कसारखीच केबलने जोडायची) एसएसडी आणि ८ जीबीची आणखी एक रॅम.

एनव्हीएमई, म्हणजे त्याहून वेगवान जातीच्या एसएसडीच्या मोहात पडू नका. साटावर सेकंदाला सुमारे ५५० एमबी मिळतात आणि एनव्हीएमईवर हजारोंनी, हे खरं. पण त्या काळातल्या साध्या मदरबोर्डांवर त्याचा स्लॉट बहुधा नसतोच, असला तरी त्यावरून विंडोज सुरू होईल याची खात्री नसते. वर्डच्या फाइलला तो फरक जाणवणारही नाही.

रॅम घेताना आत्ताची काढून तिचं लेबल वाचा. सहाव्या जनरेशनच्या काही बोर्डांवर डीडीआर३ या जुन्या पिढीची रॅम असायची, काहींवर डीडीआर४. २१३३ आहे म्हणजे डीडीआर४ असणार, तरी डोळ्यांनी बघाच. दोन्हींची खाच वेगळ्या जागी असते, दाबून बसवायला गेलात तर स्लॉट मोडेल.

प्रोसेसरच्या वाटेला जाऊ नका. इथे मी स्वतः फसलोय. तुमच्या बोर्डाचं सॉकेट, म्हणजे प्रोसेसर बसवायची जागा, ११५१, आठव्या-नवव्या जनरेशनच्या प्रोसेसरचंही नाव ११५१च. ते तुमच्या बोर्डात बसतात, पण चालत नाहीत, कारण इंटेलने पिनांची रचना बदलली आणि त्यांना बोर्डावर ३०० सीरीजचा चिपसेट (बोर्डाचा कारभार बघणारी चिप) लागतो. मी नाव वाचून घेतला, बसवला, आणि काळ्या पडद्याकडे रात्रभर बघत बसलो.

आता रात्रपाळींचा मुद्दा. विंडोज १० साठी वाढीव सुरक्षा अपडेटची नोंदणी करता येते, ती घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे. सेटिंग्जमध्ये अपडेटच्या पानावर दुवा दिसेल. ती कराच, तुमच्याकडे इतरांची अप्रकाशित हस्तलिखितं असतात. त्यानंतर या मशीनवर विंडोजऐवजी लिनक्स टाकता येईल, पण लेखक-प्रकाशकांकडून ट्रॅक चेंजेस (दुरुस्त्यांच्या खुणा) असलेल्या वर्ड फाइल्स येत असतील तर मी तुम्हाला तो आग्रह करणार नाही. लिनक्सवर वर्डच्या जागी वापरतात त्या लिबरऑफिसमध्ये या फाइल्स उघडतात, पण गुंतागुंतीची मांडणी कधीकधी हलते, आणि तुमचं कामच मांडणी हलू न देण्याचं आहे. तेव्हा पुढेमागे नवीन मशीन घ्यावंच लागेल असं धरून चाला, आणि आज फक्त पुढच्या मशीनमध्ये सोबत नेता येईल असंच घ्या. साटा एसएसडी नेता येते. डीडीआर४ रॅम डीडीआर५ च्या बोर्डात जात नाही, म्हणून रॅम एकच घ्या, कुणाच्या जुन्या मशीनमधली चांगली मिळाली तरी चालेल.

शेवटचं, आणि हे सगळ्यांत महत्त्वाचं. जुन्या डिस्कवरून नवीवर क्लोन, म्हणजे सगळ्याची जशीच्या तशी नक्कल, करण्याआधी कामाच्या फाइल्स वेगळ्या बाह्य डिस्कवर कॉपी करा आणि त्यातल्या दहा-बारा उघडून बघा. एकदा मी घाईत क्लोन करताना सोर्स आणि डेस्टिनेशन उलटं निवडलं. कोरी एसएसडी भरलेल्या डिस्कवर उतरली. त्या डिस्कवर माझ्या आईच्या आवाजातली रेकॉर्डिंग्ज होती, दुसरी प्रत नव्हती. तेव्हापासून क्लोनचं बटण दाबण्याआधी मी दोन्ही डिस्कची क्षमता मोठ्याने वाचतो. तुमची १ टीबी सोर्स, ५०० जीबी डेस्टिनेशन. क्लोन झाल्यावर पहिल्यांदा सुरू करताना जुन्या डिस्कची केबल काढून ठेवा, म्हणजे मशीन नक्की नव्यावरून चालतंय हे कळेल.

सरळरेघ

मी अक्षरजुळणी करते, म्हणून वेगळं विचारते. मॉनिटर कोणता आहे? दिवसभर वाचणारीने खर्च करायची खरी जागा ती आहे. २७ इंचाच्या पडद्यावर १९२० बाय १०८० असेल तर इंचाला जेमतेम ८२ ठिपके येतात. आपल्या लिपीत तेवढ्यात अनुस्वार आणि रफार शिरोरेघेवर एकमेकांत मिसळतात. "र्क" आणि "र्कं" मधला फरक मला बारा पॉइंटात दिसत नसे, दर वेळी झूम करायची. त्याच आकारात २५६० बाय १४४० घेतला, इंचाला १०९ ठिपके, आणि झूम करणं सुटलं.

आणि मॉनिटर जुन्या निळ्या व्हीजीए केबलने जोडलेला असेल तर आजच बदला. तो सिग्नल अॅनालॉग असतो, अक्षरांच्या कडा पसरट दिसू शकतात.

रात्रपाळी

नोंदणीचं मला माहीत नव्हतं. उघडं कॅबिनेट यांचं पटलं. एकच भर घालतो: पुढे नवीन घ्याल तेव्हा इंटेलच्या प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी "एफ" असेल तर त्यात ग्राफिक्स नसतं, वेगळं कार्ड घ्यावं लागतं. ताईंना त्याची गरज नाही. आणि लॅपटॉप घ्यायचा झाला तर रॅम बोर्डावरच जोडलेली आहे का ते विचारा, तशी असेल तर नंतर वाढवता येत नाही.

मुद्रितखूण

सगळ्यांचे मनापासून आभार. काय झालं ते सांगते.

आधी बॅकअप घेतला, बारा नाही, चाळीस फाइल्स उघडून बघितल्या. कॅबिनेट पहिल्यांदाच स्वतः उघडलं. मेन स्विच बंद, केबल काढलेली. पंख्यावर धुळीचा जाड थर होता, तो मऊ ब्रशने काढला. रॅमवर डीडीआर४ लिहिलेलं होतं. दुसरी बसवताना दोन्ही बाजूंचा खटका वाजेपर्यंत दाबायला हात धजत नव्हता, भाच्याला शेजारी उभं केलं. क्लोन करताना दोन्ही आकडे मोठ्याने वाचले.

आता बटण दाबल्यापासून वर्ड उघडेपर्यंत ४० सेकंद. आज ४६२ पानांच्या फाइलमध्ये सूचीचे पृष्ठांक बदलले, सेव्ह करताना कर्सर एकदाही थांबला नाही. नोंदणीही केली.

सरळरेघ, केबल निळीच निघाली. कॉम्प्युटरच्या मागे डिस्प्लेपोर्ट आहे, पण माझ्या मॉनिटरला फक्त व्हीजीए आणि डीव्हीआय आहे. यांना जोडणारी केबल मिळते का?

सरळरेघ

मिळते. डिस्प्लेपोर्ट टू डीव्हीआय मागा. ती एकाच दिशेने चालते, म्हणून डिस्प्लेपोर्टचं टोक कॉम्प्युटरकडे येईल अशीच घ्या.