बोस्टनकरांचा राग कराच्या रकमेवर नव्हता

नदीकाठ:
अमेरिकेतल्या १३ वसाहतींवर इंग्रजांनी भरमसाट कर लादले म्हणून क्रांती झाली, असं सर्रास सांगितलं जातं. मला ते पटत नाही. १७६४ च्या साखर कायद्याने मळीवरचा कर गॅलनमागे ६ पेन्सवरून ३ पेन्सवर आणला. १७७३ च्या कायद्याने ईस्ट इंडिया कंपनीचा चहा तिथे स्वस्त होणार होता. तरी बोस्टनमध्ये ३४२ पेट्या समुद्रात गेल्या!

पूर्वीचा ६ पेन्सचा कर कागदावरच असायचा, अधिकाऱ्याचे हात ओले केले की काम व्हायचं. आता खरी वसुली सुरू झाली आणि पकडलेल्या जहाजाचा खटला ज्युरी नसलेल्या आरमारी कोर्टात जाऊ लागला. त्याहून मोठी गोष्ट १७६७ ची. काच, शिसे, रंग, कागद आणि चहावरच्या जकातीतून गव्हर्नर आणि न्यायाधीशांचे पगार द्यायचे ठरले. तोवर बहुतेक ठिकाणी गव्हर्नरचा पगार वसाहतीची निवडलेली सभा मंजूर करायची. तो ऐकेना की सभा पगार अडवून धरायची. लोकांच्या हातातली ही एकमेव दोरी लंडनने काढून घेतली. भांडण त्याचं होतं.

जुनी नाणी:
साफ असहमत. फ्रान्सशी चाललेलं सात वर्षांचं युद्ध १७६३ मध्ये संपलं तेव्हा ब्रिटनवर सुमारे १३ कोटी पौंडांचं कर्ज होतं. फ्रेंचांपासून सुटका कोणाची झाली? वसाहतींचीच. इंग्लंडमधला माणूस कागदपत्रांवरचा स्टॅम्पचा कर १६९४ पासून भरत होता. मँचेस्टर आणि बर्मिंगहॅमलाही पार्लमेंटात स्वतःचा सभासद नव्हता, तिथे कोणी घरं फोडली नाहीत. बोस्टनमध्ये २६ ऑगस्ट १७६५ ला जमावाने वसाहतीचा उपगव्हर्नर हचिन्सन याचं घर लुटून उद्ध्वस्त केलं. या गृहस्थाचा, हा कर वसाहतींवर लादणाऱ्या १७६५ च्या स्टॅम्प कायद्याला मनातून विरोध होता! तस्करीवर पोसलेल्या व्यापाऱ्यांनी गरिबांना पुढे केलं, तत्त्वाची भाषा नंतर आली.

नदीकाठ:
हचिन्सनच्या घराचं समर्थन कोणीच करू नये. पण मँचेस्टरचा दाखला लागू पडत नाही. मँचेस्टरवर कर बसवणारा सभासद तोच कर स्वतःही भरत होता. बोस्टनवर बसवला की त्याचा स्वतःचा भार हलका व्हायचा. हा मुद्दा तेव्हाच छापून आला होता, त्याला लंडनकडून धड उत्तर आलं नाही.

उंबरठा:
यात बंगाल विसरू नका. १७७० च्या दुष्काळात तिथे माणसं किड्यामुंगीसारखी मेली, तरी कंपनीची सारावसुली थांबली नाही. तीच कंपनी पुढे बुडायला आली. १७७३ मध्ये सरकारने तिला १४ लाख पौंड कर्ज दिलं, आणि गोदामात पडून राहिलेला चहा अमेरिकेत खपवायची सोय केली. वसाहतींची बाजू मांडणाऱ्या जॉन डिकिन्सन या वकिलाने त्याच वर्षी बंगालच्या भूकबळींचा उल्लेख करून लोकांना सावध केलं होतं. स्वस्त चहाची भीती वाटायला एवढं कारण पुरेसं आहे.

शेतसारा:
नदीकाठ, तुमचा सिद्धांत नॉर्थ कॅरोलायनात अडकतो. तिथल्या आतल्या भागातले शेतकरी 'रेग्युलेटर' म्हणून उठले ते त्यांच्याच वसाहतीच्या सभेने लावलेल्या करांविरुद्ध. शेरीफ, म्हणजे कर गोळा करणारे जिल्ह्याचे अधिकारी, वसूल केलेला पैसा खात होते, आणि वर गव्हर्नर ट्रायनच्या हवेलीसाठी वेगळा कर. १६ मे १७७१ ला अलामान्सला ट्रायनने वसाहतीचीच फौज त्यांच्यावर घातली. त्या फौजेतले कितीतरी अधिकारी चार-पाच वर्षांत क्रांतीचे पुढारी झाले. निवडलेली सभा हाच जर गाभा, तर हे शेतकरी कोणाविरुद्ध लढले?

नदीकाठ:
त्यांची मागणी पुन्हा वाचा. शेरीफांनी हिशेब दाखवावा, असं ते अर्जांतून वर्षानुवर्षं सांगत होते. सभेत किनाऱ्याकडच्या जिल्ह्यांचं वजन जास्त होतं, यांचं ऐकणारं कोणी नव्हतं. म्हणजे पैशावर ताबा कोणाचा, हाच प्रश्न इथेही.

शेतसारा:
हिशेबाचं मान्य. पण मग १७८६ घ्या. क्रांती जिंकून झाली होती, बोस्टनच्याच मॅसॅच्युसेट्समध्ये स्वतःचं सरकार होतं, तरी नाण्यांत मागितलेल्या करांनी आणि कर्जांनी पिचलेल्या शेतकऱ्यांनी क्रांतियुद्धात लढलेल्या डॅनियल शेजसारख्यांच्या मागे जाऊन कोर्टं बंद पाडली. आणि सॅम्युएल अॅडम्स, बोस्टनच्या आंदोलनाचा पुढारी, म्हणत होता की प्रजासत्ताकाविरुद्ध बंड करणाऱ्याला मृत्युदंडच हवा. रकमेचा प्रश्न नव्हता, हे त्या शेतकऱ्यांना पटवून दाखवा.