डोळे गेल्यानंतरचं पहिलं वर्ष : तुमचे अनुभव सांगा

कोल्हापूरच्या गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, तीस वर्षं कोल्हापुरी साजाची पानं घडवली. साजाला 21 पानं. कमळ, मासा, शंख, कासव, बेलपान, सगळी नखाएवढी. बाजूनं आलेली सायकल दिसेनाशी झाली तरी समोरचं पान लख्ख दिसायचं. चष्म्याचा नंबर बदलला असेल म्हणत दोन वर्षं काढली. निघाला काचबिंदू. त्यात डोळ्याची नस मरते आणि मेलेली नस परत जिवंत होत नाही. औषधाचे थेंब उरलेली नजर राखायला. माझी उरलेलीही गेली. घरात कुणाला काचबिंदू असेल तर चाळिशीनंतर डोळ्यांचा दाब आणि नस तपासून घ्या, हात जोडून सांगतो.

पहिलं वर्ष खाटेवर गेलं. पाण्याचा तांब्याही घरचे हातात देत. मायेनंच देत, पण त्यानं हात मेले. एक दिवस धाकट्या भावानं काही न बोलता मांडीवर पितळी डबी ठेवली. आत सुटी पानं. कासव ओळखलं, मासा ओळखला, भुंग्याला चुकलो. परत चाचपला. आता ओवायच्या आधी पानांचा क्रम मीच लावून देतो.

तुम्ही कुठं अडलात, कसे निघालात, लिहा. उपदेश नको, घडलेलं सांगा.

फुलेवाडी
माझे डोळे मधुमेहानं नेले. सुनेनं गॅसजवळ येऊ दिलं नाही. "आई, तुम्ही बसा." आठ महिने बसले. एकदा सगळे जोतिबाला गेले आणि मी पीठ मळायला घेतलं. भाकरी थापायला डोळे लागतच नाहीत, ती हाताखाली आपोआप फिरते. कडा जाड राहिली तर बोटं सांगतात. अडचण तव्यावर. पहिल्या दिवशी दोन बोटं पोळली. सून आल्यावर रडली, मीही रडले, पण भाकरी सगळ्यांनी खाल्ल्या. आता मिठाच्या डब्याला एक रबर, सोड्याच्या डब्याला दोन. डोळसांना एकच विनंती, डबा जिथून उचललात तिथंच ठेवा.

मंगळवार पेठ
माझं किराणा दुकान. मला नोटांनी रडवलं. दोनशे आणि पाचशेच्या लांबीत फरक अवघा 4 मिलिमीटरचा. पाचशेच्या दोन्ही कडांना पाच उठावाच्या रेघा असतात, शंभरला चार, दोनशेला चार रेघा आणि मध्ये दोन गोल. कोऱ्या नोटेवर लागतात, जुनीवर घासून गेलेल्या. रिझर्व्ह बँकेचं 'मनी' ॲप 2020 साली आलं, ते नोट बघून किंमत बोलतं, इंटरनेटशिवायही. तरी गर्दीच्या वेळी गिऱ्हाइकाच्या शब्दावरच चालतो. फसवणारे दोघं-तिघंच भेटले.

राजारामपुरी
मी मुलगी लिहितेय. बाबा निवृत्त शिक्षक. नजर जात असताना त्यांना अंगणात पटके बांधलेली माणसं दिसायची, भिंतीवर फुलांची नक्षी. वेड लागलं म्हणतील या भीतीनं तीन महिने कुणाला बोलले नाहीत. एकटेच घाबरत राहिले, याचं मला अजून वाईट वाटतं. डॉक्टरांनी सांगितलं, याला चार्ल्स बॉनेट सिंड्रोम म्हणतात. डोळ्यांकडून चित्र येईनासं झालं की मेंदू स्वतःच चित्रं काढतो. हे वेड नव्हे. ऐकून बाबा पहिल्यांदा पोटभर जेवले. तुमच्या घरात कुणाला असं दिसत असेल तर आधी विचारा, ते आपणहून सांगणार नाहीत.

आणि दंड धरून ढकलत नेऊ नका. त्यांना तुमचं कोपर धरू द्या, तुम्ही अर्धं पाऊल पुढं. पायरी आली की तुमच्या कोपरावरूनच त्यांना कळते.

शिवाजी पेठ
वय 26. पांढरी काठी वर्षभर घडी घालून बॅगेतच होती. मित्र बघतील याची लाज. पहिल्यांदा उघडली ती बिंदू चौकात, आणि एका आजींनी हातात दहाची नोट ठेवली. मी परत केली, "आजी, मी कामावर निघालोय." त्या म्हणाल्या, "मग लेका, जपून जा." उजवा पाय पुढं तेव्हा काठीचं टोक डावीकडं, डावा पुढं तेव्हा उजवीकडं. हे अंगवळणी पडायला दोन महिने लागले. पण काठी कमरेखालचंच सांगते. फुटपाथवर लावलेल्या गाडीचं हँडल छातीत बसतं, ते अजून बसतंय. गाडी लावताना एवढं बघा की ओ. ऑफिसात कॉम्प्युटरच्या पडद्यावरचं एनव्हीडीए नावाचं सॉफ्टवेअर वाचून दाखवतं, फुकट आहे, मराठीही वाचतं.

कळंबा
माझी नजर जाऊन चार महिने झाले. सगळं फोनवर ऐकलं, दोनदा. मी अजून काहीच केलेलं नाही. फुलेवाडीच्या काकू, तवा तापलाय हे कसं ओळखता?

फुलेवाडी
पाण्याचे दोन थेंब टाक. चर्रकन विरले की तापला. आवाजच आला नाही तर अजून थांब, बाळ. आणि पहिली भाकरी घरात कुणीतरी असताना कर, पण हात लावू देऊ नको.